बाईंचा सात नंबर

थोरल्या मुलाची सोयरीक जमवायला आम्ही चाकणला गेलो होतो. चहा झाला, खारी झाली, मग मुलीच्या मामूंनी घसा साफ करून विचारलं, "मुलाचे अब्बा काय करतात?"

मी म्हटलं, "गोल्फच्या काठ्या माणसाच्या मापाच्या करून देतो."

मामू शेजारच्याकडे बघून म्हणाले, "काठीला माप असतं?"

आमची बेगम असल्या वेळी मागं राहत नाही. ती आतून म्हणाली, "असतं तर! शिंप्याचंच काम आहे यांचं. फक्त कापड लोखंडाचं." सगळे हसले आणि सोयरीक जमली. आजही मला कुणी धंदा विचारला की मी बेगमचंच वाक्य सांगतो, कारण त्याहून बरं मला सुचलेलं नाही.

मूळ दुकान आमचं सायकलचं, मळवली स्टेशनाजवळ. अब्बा पंक्चर काढायचे, रिमा सरळ करायचे, पाना धरायला मी तिथंच शिकलो. पुढं पवनेच्या अंगाला गोल्फचं मैदान झालं, आणि एक दिवस एक साहेब झाडाच्या बुंध्यावर रागानं आपटून वाकवलेली काठी घेऊन आले. मी ती सरळ करून दिली. ते खूष झाले, त्यांनी मित्रांना पाठवलं. गोल्फ खेळणाऱ्याला राग फार लवकर येतो, त्यामुळं गिऱ्हाइकाला कमी नव्हती. मग मैदानाच्याच दुरुस्तीच्या खोलीत नोकरी लागली. तिथं एका मद्रासी वस्तादाच्या हाताखाली कोन मोजायला, दांड्या कापायला, मुठी चढवायला शिकलो. आता नोकरी संपली आहे. जुन्या जागेतच अर्ध्या भागात नातेवाइकाचं मोबाइलचं दुकान आणि अर्ध्या भागात मी.

ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर, तोही चॅनेल बदलताना पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिशवीत काठ्या पुष्कळ असतात. त्यांतल्या लोखंडी डोक्याच्या काठ्यांना आयर्न म्हणतात आणि त्यांच्यावर आकडे असतात. आकडा जेवढा लहान, तेवढं तोंड उभं आणि बॉल लांब. आकडा मोठा झाला की तोंड आडवं होत जातं, बॉल उंच उडतो आणि जवळ पडतो. म्हणजे पाच नंबर लांबचा, नऊ नंबर जवळचा, आणि सात नंबर मधला. खेळणारा माणूस आपली ताकद सात नंबरवरून सांगतो. "माझा सात एवढा जातो," असं छाती काढून सांगतो आणि जवळजवळ नेहमीच थाप मारतो.

दुसरं म्हणजे डोकं. काही आयर्नचं डोकं पातळ, घडीव, अगदी सुरीच्या पात्यासारखं. दिसायला असं देखणं की बघत राहावं. पण बॉल त्याच्या नेमक्या मधोमध लागला तरच गोड, जरा बाजूला लागला की हाताला झिणझिण्या. दुसऱ्या जातीच्या डोक्याला मागून खोबण असते, वजन कडेकडेला वाटलेलं असतं. ते दिसायला ठोंब्या, पण चूक पोटात घालतं. नव्या माणसानं, थकल्या माणसानं, आठवड्यातून एकदाच खेळणाऱ्या माणसानं हेच घ्यावं. हे मी गळा सुकेपर्यंत सांगतो. ऐकतो कोण!

वाकडकडचा एक बिल्डर आला होता. वय तिशीचं, पोट पन्नाशीचं. टीव्हीवर जिंकलेल्या खेळाडूची पात्याचीच आयर्न पाहिजे म्हणून अडून बसला. मी म्हटलं, "साहेब, आधी बाहेरच्या जाळीत दहा बॉल मारून दाखवा." नऊ बॉल जमिनीवरून सरपटत गेले, एक सणसणीत गेला. तो वळून म्हणाला, "बघितलं चाचा? हा माझा शॉट." मी म्हटलं, "नाही साहेब, ते नऊ तुमचे. हा पाहुणा आहे." तो हसला, पण घेऊन गेला पात्याचीच. हौसेला मोल नसतं. पुढं कोपराला पट्टा बांधून आला तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि खोबणीवाल्या काढून समोर ठेवल्या.

आमच्या कामात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कमी आणि काठीच्या तोंडाकडे जास्त बघायचं असतं. जिथं बॉल लागतो तिथं लोखंडावर घासून डाग पडतो. डाग टोकाला असेल तर माणूस बॉलपासून लांब उभा राहतो, टाचेला, म्हणजे दांडीच्या बाजूला, असेल तर अंगावर घेतो. मुठीचं रबर कुठं झिजलं यावरून पकड कळते. काठी खोटं बोलत नाही, आणि यामुळंच गेल्या साली माझी पंचाईत झाली. ती सांगायलाच हे लिहायला बसलोय.

लोणावळ्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. नाव लिहिलं तर मला फैलावर घेतील, म्हणून लिहीत नाही. सगळा मावळ त्यांना नुसतं बाई म्हणतो. आमच्या अर्ध्या मावळानं पहिला श्वास त्यांच्या हातात घेतला, माझ्या दोन्ही मुलांनीसुद्धा. लग्न केलं नाही, दवाखाना हाच संसार. एक दिवस ऑपरेशन करताना हात किंचित थरथरला, तर ते ऑपरेशन पुरं करून बाईंनी सुरी खाली ठेवली ती ठेवलीच. पुन्हा हातात धरली नाही. लोक म्हणाले, बाई, एवढं काय त्यात? बाई म्हणाल्या, "मला कळलं ना? मग झालं."

त्यानंतर त्या गोल्फ शिकल्या. आयर्न अर्थातच पात्याची घेतली. मी नाही म्हटलं तर म्हणाल्या, "बशीर, आयुष्यभर पातळ धार हातात धरली. आता काय कुदळ धरू?" आणि खरंच त्यांना ती शोभायची. बारीक अंगाच्या, ताठ बाई, पण बॉल मधोमध लागायचा.

त्यांची पिशवी उचलायची हिरा. तिकोणा पेठेकडची. मैदानावर गवत खुरपायला आलेली, पुढं कॅडी झाली. कॅडी म्हणजे नुसता हमाल नव्हे. वारा बघायचा, अंतर बघायचं आणि मागितलेली काठी हातात द्यायची. बाईंची मागायची पद्धत दवाखान्यातलीच होती. नजर बॉलवरून हलायची नाही, उजवा हात मागं यायचा, तळवा उघडा. "सात." हिरा हातात सात ठेवायची. बाई आकडा बघायच्या नाहीत. ऑपरेशनच्या टेबलाशी सिस्टरनं दिलेली कात्री काय बघायची असते?

तिसऱ्या होलला, म्हणजे तिसऱ्या झेंड्याकडं जाताना, मध्ये ओढा आहे. बाईंचा सात नंबर तो ओढा आरामात पार करायचा. खेळायला लागल्यापासून त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी माझा सात हा ओढा ओलांडणार नाही, त्या दिवशी पिशवी बशीरला. विकून टाक म्हणावं." बाई एकदा बोलल्या की बोलल्या. सुरीचं झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

गेल्या साली दसरा झाल्यावर बाई दुकानात आल्या, मागं पिशवी घेऊन हिरा. त्याच्या आदल्या पावसाळ्यात बाई बाथरूममध्ये घसरल्या होत्या, मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण अंगठ्याच्या मुळाशी संधिवातानं घर केलं.

"मुठी जाड करून दे," बाई म्हणाल्या. "बाकी काही शहाणपणा नको."

मी एकेक आयर्न काढून उजेडात धरली. सगळ्यात आधी सात. सातचं तोंड लख्ख. पाच नंबरचं तोंड मात्र मधोमध घासून पांढुरकं पडलेलं.

"सगळ्यात जास्त कुठली वापरता, बाई?"

"सात. अजून ओढा पार करतो माझा सात," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की काय सांगू.

मी वर पाहिलं. बाईंच्या पाठीमागं हिरा उभी. तिनं पदर तोंडाला लावला आणि डोळ्यांनीच मला हात जोडले. मी सात नंबर हळूच पिशवीत ठेवला. म्हटलं, "दोन दिवस राहू द्या माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी हिरा एकटीच आली. स्टुलावर बसली, पाणी प्याली आणि एकदम बोलायलाच लागली.

"चाचा, तुमाला कळलं न्हवं? मला वाटलंच. मनगट मोडल्यापास्नं मीच करती. बाई सात मागत्यात, मी पाच देती. आठ मागितला का सहा. आकड्यावर अंगठा धरती."

"अगं पण कशाला?"

"कशाला म्हंजी! पयल्याच दिशी तिसऱ्यावर हात म्हागं केला त्यांनी. सात बसला आस्ता पान्यात, मला दिसत हुतं की. आन् बाईंनी तितंच पिशवी खाली ठिवली आस्ती. घरी कोन हाय त्यास्नी? दोन खुर्च्या आन् एक टीवी. ह्यो येक खेळ हाय तवर सकाळी उठून बूट घालत्यात. ते बूट काढलं ना चाचा, तर बाई ऱ्हायच्या न्हाईत."

"मग चाललंय ते चालू दे. मी कुणाला सांगतोय?"

"चालंना न्हवं आता! पाच बी पोचंना. परवा बॉल ह्या कडंला पडला. मी फुडं पळाले आन् पायानं लोटला पल्याड. म्हनलं, बाई, गेला टप्पा खाऊन." तिचे डोळे भरून आले. "आवंदा दिवाळीपतुर निभंल का न्हाई सांगता येत न्हाई. तुमी कायतरी करा, चाचा. माझं काय, मी दुसऱ्याची पिशवी उचलीन. बाईंचं बघा."

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. लांब जाणाऱ्या, सरळ जाणाऱ्या, महागड्या, सगळ्या मागण्या ऐकल्या. माणूस घरात बसू नये म्हणून काठी पाहिजे, ही मागणी पहिलीच. आणि जगात असं लोखंड नाही की जे माणसाची गेलेली ताकद परत आणेल.

पण एक गोष्ट मला माहीत होती. अलीकडं कंपन्यांनी आकडे सरकवलेत. आपला सात लांब जातो असं वाटलं की गिऱ्हाईक खूष, म्हणून नव्या आयर्नमधल्या सातचं तोंड जुन्या पाचएवढं उभं करतात. मला हा प्रकार पहिल्यापासून आवडत नाही, मी त्याला उघड शिव्या देतो. त्या दिवशी मात्र म्हटलं, अल्लाची करणी, हेच उपयोगी पडायचं होतं! खोबणीवालं डोकं, त्यावर सात, दांडी स्टीलऐवजी हलकी कार्बनची, जरा लवचीक, मूठ जाड. दांडी हलकी म्हणजे हात वेगानं फिरतो, बॉल पुढं जातो. हिराचा खोटा सात खरा होण्याची आशा होती. आशाच. खात्री मैदानावरच होते.

हे बाईंच्या गळी उतरवणं म्हणजे वेगळं बाळंतपण होतं. दोन दिवसांनी त्या हिराला घेऊन आल्या.

"मुठी जाड केल्या तर जुन्या दांड्यांचा तोल बिघडतो, बाई," मी म्हटलं. हे खरंच आहे, मूठ जड झाली की डोकं हाताला हलकं लागतं. "सगळाच सेट बदलू. नमुन्याचा एक बनवलाय, खेळून बघा."

बाईंनी सात उलटा करून बघितला. "ही कुदळ आहे."

"कुदळच आहे. पण अंगठा दुखणार नाही."

"आणि हे तोंड एवढं उभं कसं? सातचं असं नसतं."

बाईंच्या नजरेतून काय सुटणार? मी आकडे सरकवल्याची सगळी गोष्ट सांगितली. लपवलं नाही काही.

"म्हणजे ही फसवणूक झाली," बाई म्हणाल्या. कोपऱ्यात हिराला ठसका लागला.

"बाई, चष्म्याचा नंबर वाढला म्हणून तुम्ही पेपर वाचायचा सोडला का?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," बाई म्हणाल्या. पण काठी खाली ठेवली नाही. दोनतीनदा हवेत फिरवली, अंगठा चाचपून बघितला. "उद्या सकाळी तूही चल मैदानावर. कसं जातं ते तुझ्यासमोरच बघू."

नमुन्याचा सेट दिला की बरोबर जायची आमची रीतच आहे. निघताना मी हिराला बाजूला घेऊन बजावलं, "उद्यापासून आकडा खरा. सात म्हटलं की सात. नाहीतर मला काहीच कळणार नाही."

"व्हय चाचा. पक्कं," हिरा म्हणाली.

सकाळी तिकोण्याच्या कमरेला धुकं होतं, पलीकडच्या खाचरांत भातकापणी चाललेली. पहिली दोन होल बरी गेली, सात लागलाच नाही. मग तिसरं आलं. ओढ्याला पावसाळ्याचं पाणी अजून होतं. बाई बॉलशी उभ्या राहिल्या. नजर खाली. उजवा हात मागं.

"सात."

काठी हातात आली. बाईंनी मारली. काय आवाज आला म्हणून सांगू! बॉल ओढ्यावरून गेला, पलीकडच्या हिरवळीवरून गेला, झेंड्याच्या वरून गेला आणि थेट भाताच्या खाचरात जाऊन पडला. तिकडून एक मावशी विळा उंचावून ओरडली, "ए! डोस्कं फुटलं आसतं की माझं!"

त्या अंगाचा, त्या मनगटाचा सात एवढा जाणं शक्यच नव्हतं. मी हिराकडं बघितलं आणि समजलो. इतक्या दिवसांची सवय. सात हा शब्द कानावर पडला की तिचा हात आपोआप पाचवर जात होता, तसाच गेला.

बाईंनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. काठी उलटी करून आकडा वाचला. हिराकडं वळल्या.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी खालचा.

"मनगट मोडल्यापास्नं."

"रोज?"

"रोज, बाई."

मला वाटलं, संपलं. आता पिशवी खाली ठेवतील, मला विकायला सांगतील आणि ताठ मानेनं चालत गाडीकडं जातील. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"हिरा, तुझा पहिला मुलगा पायाळू होता. आठवतं?"

हिरा गोंधळली. "आटवतं की. तुमीच व्हता."

"कळा देताना मी तुला काय सांगत होते?"

"सांगत व्हता... आता येकच ऱ्हायली, हिरा, येकच कळ दे."

"आणि किती दिल्यास?"

"कुनी मोजल्यात? येकच येकच म्हनत उजाडलं की!"

"खरं सांगितलं असतं तर दिल्या असत्यास?"

हिरानं मान हलवली. नाही म्हणून. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं.

"मग झाली फिटंफाट," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाच नंबर स्वतःच्या हातानं पिशवीत घातला, खिशातला दुसरा बॉल काढून गवतावर ठेवला आणि पुन्हा उभ्या राहिल्या. नजर बॉलवर. उजवा हात मागं, तळवा उघडा. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

"सात."

हिरानं पदरानं डोळे पुसले, काठी काढली, आकडा दोनदा वाचला आणि त्या हातात ठेवली. बाईंनी आकडा बघितला नाही. मारली. बॉल उंच गेला, ओढ्यावर आला, आणि मी मनातल्या मनात दुआ मागत होतो, हिरा तिच्या वाघजाईला हाका मारत होती. काठापासून वीतभर पलीकडं, ओल्या गवतात, तो पडला आणि तिथंच रुतला.

हिरा मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. बाईंचेही डोळे भरले होते, मी बघितले. पण आवाज दवाखान्यातलाच होता.

"रडतेस काय? ऊठ. एकच राहिला, एकच फटका. चल."